आउस्टी म्हणजे उठवलेला

गेल्या श्रावणात एक मुलगा माझ्याकडे कागद घेऊन आला. पाऊस लागून राहिला होता, म्हणून त्यानं ते आधी वर्तमानपत्रात आणि मग दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळले होते. विशीतला असेल. डभोईकडच्या एका वसाहतीतून पहाटेची एसटी पकडून निघालेला. पिशव्यांची गाठ सोडायलाच त्याला पाच मिनिटं लागली, इतकी जपून बांधलेली.

मी दांडिया बाजारात राहते. जिन्याखालच्या खोलीत माझं टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि येणाऱ्यासाठी एक लाकडी खुर्ची. मराठी, गुजराती आणि इंग्रजी या तीन भाषांत इकडचं तिकडे करायचं काम मी बावीस वर्षं करते आहे. वडोदऱ्यात मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांचे गावाकडचे सातबारे, फेरफार, वाटणीपत्रं, जन्माचे दाखले सतत येतात, कारण इथल्या तलाटीला ते गुजरातीत लागतात.

या मुलाचं काम आजोबांच्या जमिनीचं होतं. आजोबा हयात असतानाच मुलांची नावं चढवायची होती. इकडे त्याला ‘हयातीमां हक दाखल’ म्हणतात. अडचण नावाची होती. जुना कागद मराठीत, अक्कलकुवा तालुक्यातला, त्यावर जिल्हा धुळे. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला, हा कागद त्याच्या आधीचा. त्यावर आजोबांचं नुसतं नाव आणि बापाचं नाव. गुजरातच्या कागदावर त्याच दोन्ही नावांना ‘भाई’ लागलेलं. दोन्ही कागदांवरची नावं एकाच इसमाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करायचं आणि मराठी कागदाचं भाषांतर त्याला जोडायचं, एवढंच काम. अशी मी शेकड्यांनी केली आहेत.

गुजरातच्या कागदावर एका रकान्यात इंग्रजीत छापलं होतं, ‘नेम ऑफ द आउस्टी’. पुढे आजोबांचं नाव, जांभळ्या शाईतला शिक्का, घडीवर झिजून पांढरी पडलेली रेघ.

मुलानं त्या शब्दावर बोट ठेवलं. “बेन, आ आउस्टी एटले शुं?”

लहानपणी त्याला ते आपल्या जातीचं नाव वाटायचं, असं तो म्हणाला. घरात प्रत्येक कागदावर तो शब्द, वसाहतीतल्या प्रत्येकाच्या कागदावर तोच. शाळेत कुणी विचारलं तुम्ही कोण, तर काही मुलं ‘आउस्टी’ असं सांगायची.

मी सवयीनं म्हणाले, “विस्थापित.” त्यानं मान डोलावली. एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा अवघड शब्द मिळाल्यावर माणूस जशी डोलावतो तशी. मला ते लागलं. बावीस वर्षं मी लोकांना त्यांच्याच कागदांचा अर्थ सांगून पोट भरते, आणि या मुलाच्या आजोबांवर अख्खं सरकार जो शब्द चिकटवून मोकळं झालं, त्याचा अर्थ मला त्याला कळेल असा सांगता आला नाही. चार दिवसांनी कागद तयार ठेवते म्हणाले आणि त्याला पाठवलं. ते चार दिवस मी त्या शब्दाच्या मागे होते.

शब्द कुठून आला ते आधी सांगते.

महाराज सयाजीराव विद्यापीठात बी. ए. करताना माझा विषय संस्कृत होता, आणि हौस म्हणून वर्षभर फ्रेंचचा वर्ग केला होता. त्यातलं फारसं काही उरलं नाही. पण ‘ओते’ हे क्रियापद आठवतं. काढून घेणे, दूर करणे. अंगावरचा कोट काढा, टेबलावरच्या बशा काढा. लिहिताना त्याच्या पहिल्या ‘ओ’वर एक छोटी टोपी असते. बाईंनी तेव्हा सांगितलं होतं की ही टोपी म्हणजे मेलेल्या ‘स’ची खूण. पूर्वी तो शब्द ‘ओस्ते’ होता. बोलताना ‘स’ गळाला आणि लिहिताना त्याची आठवण म्हणून टोपी राहिली. हॉस्पिटल, फॉरेस्ट यांच्या फ्रेंच भावंडांवरही अशीच टोपी आहे. इंग्रजीनं तो ‘स’ जपला. ‘आउस्ट’ म्हणजे तोच ‘ओस्ते’.

मला तेव्हा आजोबांची पत्रं आठवली होती. ते ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ असं लिहायचे. वाचताना कुणी ते अनुस्वार नाकात उच्चारत नव्हतं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते काढून टाकले, पण आजोबांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत. पूर्वी तिथं काहीतरी होतं, एवढं तो ठिपका सांगायचा.

फ्रेंचमधला हा शब्द लॅटिनमधून आला. तिथं तो ‘ओब्स्तारे’. ‘ओब’ म्हणजे समोर, विरुद्ध. ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं. कुणाच्या वाटेत आडवं उभं राहणं, आड येणं. अडथळ्याला इंग्रजीत जो ‘ऑब्स्टॅकल’ म्हणतात तो याच घरातला.

आता हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटेना. आड उभं राहण्याचं ‘हाकलणं’ कसं होईल? आड येणारा तर जागेवर असतो. हलवलं जातं ते दुसऱ्याला. पण मग माझ्याच टेबलावरून गेलेले दावे आठवले आणि उलगडा झाला.

वाड्यांचे दावे कुणी वाचले असतील त्यांना हे लगेच कळेल. दोन भाऊ, सामाईक वाडा. धाकटा नोकरीला बाहेरगावी. दिवाळीला येतो तेव्हा माडीच्या दाराला नवीन कुलूप असतं. थोरला म्हणतो, किल्ली सापडत नाही. पुढच्या वर्षी थोरल्याचा मुलगा दारात उभा असतो आणि म्हणतो, काका, आत सामान आहे, तुमची खालीच सोय करू. कुणी कुणाला हात लावलेला नाही, कुणाचं बोचकं रस्त्यावर फेकलेलं नाही. फक्त कुणीतरी दारात उभं राहिलं आहे. आणि तेवढ्यानं धाकट्याचा वाडा गेला. कायद्यात याला नेमकं ‘आउस्टर’च म्हणतात. सहमालकांपैकी एकाचा ताबा हा सगळ्यांचा ताबा धरतात. बारा वर्षं एकटा राहिलो म्हणून मालक झालो असं त्याला म्हणता येत नाही. दुसऱ्याचा हक्क मी उघडपणे नाकारला, त्याला आउस्ट केलं, हे त्याला सिद्ध करावं लागतं. असे दावे भाषांतरित करताना मी त्या शब्दासाठी गुजरातीत काय काय लिहिलं आहे! दर वेळी वेगळं, आणि एकदाही समाधान झालं नाही.

म्हणजे शब्दानं प्रवास केला तो असा: आधी आड उभं राहणं. मग एखाद्याला त्याच्या वस्तूपासून अडवणं. अडवल्यामुळे ती त्याच्याकडून जाणं. आणि शेवटी, काढून घेणं. सगळा घडीघडीचा अन्याय त्या चार पायऱ्यांत आहे. मला तर वाटतं, ज्यानं कधी आपल्याच दारात परका होऊन उभं राहून पाहिलंय त्याला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही.

इंग्रजीत हा शब्द कोर्टाच्या दारानं शिरला. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचं राज्य आलं आणि कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच झाली. ‘आउस्टर’ हे मुळात त्या वकिली फ्रेंचमधलं क्रियापदच, जसंच्या तसं उचलून नाम केलेलं. ‘वेव्हर’ही तसाच. ‘आउस्टर ल मां’ अशी एक जुनी संज्ञा आहे. शब्दशः ‘हात काढणे’. राजाच्या ताब्यातली जमीन हक्कदाराला परत द्यायची, तर राजाचा हात तिच्यावरून काढायचा. मला ही संज्ञा फार आवडली. जमिनीवर ठेवलेला हात डोळ्यांसमोर येतो.

शेतकरी, कुणबी, कारागीर यांना आपल्या खटल्यात काय चाललंय ते कळत नाही, म्हणून १३६२ मध्ये इंग्लंडात कायदा झाला की कोर्टात इंग्रजीत बोलावं. तो कायदा लिहिला मात्र फ्रेंचमध्येच! आणि वकिलांची फ्रेंच पुढेही साडेतीनशेहून अधिक वर्षं रेंगाळली. अर्जदाराला न कळणारी भाषा कचेरीला सोडवत नाही, हे मी रोज पाहते. आपल्या सयाजीराव महाराजांना याची जाण होती, असं मला मनापासून वाटतं. १९३१ साली बडोदे सरकारनं ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढला. एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली प्रतिशब्द. कारभारातला शब्द रयतेच्या कानाला ओळखीचा लागावा यासाठी एका संस्थानानं केवढा खटाटोप केला. तो ग्रंथ हातात घेतला की माझं काम मला पोटापुरतं वाटत नाही.

‘आउस्टी’तला शेवटचा ‘ई’ही त्याच वकिली फ्रेंचचा. ज्याच्यावर क्रिया होते तो. लीज घेणारा लेसी, मॉर्गेज घेणारा मॉर्गेजी, तसा आउस्ट होणारा आउस्टी. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ चा. त्यात या शब्दाची व्याख्याच दिलेली आहे. भूसंपादन कायद्याच्या कलम ४ खालची अधिसूचना निघण्यापूर्वी निदान वर्षभर जो बुडणाऱ्या भागात राहत होता किंवा कसत होता, तो आउस्टी. जमिनीचा पाव हिश्श्याहून जास्त भाग ज्याचा गेला, त्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन. सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहतीस गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांतली बरीच कुटुंबं इकडे गुजरातेत वसवली. धरणाची उंची वाढत वाढत १३८.६८ मीटर झाली. या मुलाचे आजोबा त्यांतले.

अख्खं आयुष्य एका रकान्यात बसवणारी ही व्याख्या मी त्या रात्री दोनदा वाचली. ‘वर्षभर राहत होता’. यांची माणसं तिथं किती पिढ्या राहत होती?

आता मराठी शब्दाकडे येते, कारण खरी गंमत नव्हे, खरा जीव तिथं आहे.

आपल्याकडे माणसाला बाहेर काढायच्या शब्दांची काही वाण नाही. हकालपट्टी आहे, ती गुजरातीतही तशीच चालते. उचलबांगडी आहे, हातपाय धरून उचलून नेणं. अर्धचंद्र देणं आहे: मानगूट धरताना अंगठा आणि तर्जनीमध्ये चंद्राची कोर होते. गच्छंती आहे, ती तर संस्कृतातलं ‘जातात’ हे नुसतं क्रियापद. तडीपार आहे, नदीच्या तडीपलीकडे काढलेला. लहानपणी मी समजत असे की विश्वामित्रीचा पूल ओलांडला की तडीपार लोकांचा मुलूख लागतो. बेदखल आहे. निष्कासित आहे. यांतल्या पहिल्या तीन-चारांत बघ्यांचं हसू मिसळलेलं आहे. शेवटच्या दोघांत नुसता शिक्का. ज्याला काढलं त्याच्या बाजूनं यांतला एकही बोलत नाही.

इंग्रजीची गतही वेगळी नाही. ‘इजेक्ट’मध्ये फेकणं आहे, ‘एक्स्पेल’मध्ये ढकलत हाकणं आहे. ‘इव्हिक्ट’मध्ये जिंकणं आहे, दावा जिंकून जागा घेणं, ‘व्हिक्टरी’ त्याच धातूतली. (‘विजय’शी तिचं नातं नाही बरं. कानाला सारखं लागतं म्हणून पुष्कळांची फसगत होते. विजय ‘जि’ धातूचा.) तसंच ‘आउस्ट’चं ‘आउट’शीही नातं नाही. मलाही कित्येक वर्षं वाटायचं की ‘आउट’ला शेपूट लावून ‘आउस्ट’ केलाय. ‘आउट’ हा इंग्रजीचा घरचा, जर्मानिक शब्द, लॅटिनशी त्याचं काही नाही. त्याचा भाऊ आपल्याकडे आहे: संस्कृतातला ‘उद्’. उगवणे, उपटणे, उठणे या सगळ्यांच्या तोंडाशी तोच बसलेला आहे.

आणि ‘आउस्ट’च्या पोटात जो ‘स्तारे’ आहे, उभं राहणं, तो म्हणजे आपला ‘स्था’. ठाण, ठाणं, ठाव, ठेवणं, सगळे त्याचेच.

हे लिहून काढलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी वहीत एकाखाली एक मांडलं. ‘उद्’ अधिक ‘स्था’. उत्थान. त्याचं प्रयोजक उत्थापन. ते प्राकृतातून घासत घासत आलं आणि मराठीत झालं ‘उठवणे’.

उठवणे! वस्ती उठवली, भाडेकरू उठवला, रस्त्यावरचा भाजीवाला उठवला. हा शब्द आपण रोज वापरतो आणि मी बावीस वर्षांत एकदाही तो कागदावर लिहिला नव्हता, कारण तो फार साधा वाटायचा.

दोन्ही शब्दांत तेच उभं राहणं आहे. पण लॅटिनमध्ये उभा आहे तो अडवणारा. आपल्या शब्दात उभं केलं जातं ते ज्याची जागा जाते त्याला. आणि ज्याला उठवतात तो आधी बसलेला असावा लागतो. बूड टेकून, निवांत, आपलं समजून. ‘उठवलं’ म्हटलं की हा माणूस इथं बसला होता, हे बोलणाऱ्यानं कबूल केलेलं असतं. ‘हाकललं’मध्ये ते नाही, हाकलतात गुरांनाही आणि माश्यांनाही.

माझ्या आजीला एकदा पंगतीतून उठवलं होतं.

ती सात-आठ वर्षांची असेल. रावपुऱ्यात एका वाड्यात मुंज होती, हिला कुणाबरोबर तरी पाठवलेलं. पहिल्या पंगतीत ती मुलांमध्ये बसली. पानात मीठ, लिंबू, कोशिंबीर, पंचामृत वाढून झालं. भाताची मूद आली, वरण आलं. तिनं भात कालवला. तेवढ्यात व्याह्यांकडची मानाची माणसं उशिरानं पोचली आणि पानं कमी पडली. कुणीतरी पंगतीवरून नजर फिरवली आणि म्हणालं, “त्या मुलीला उठवा, ती मागून बसेल.” कुणी रागावलं नाही, ओढलं नाही. एका बाईनं दंडाला धरून हळूच उभं केलं. वरणभातानं बरबटलेली बोटं घेऊन ती परसातल्या विहिरीपाशी जाऊन उभी राहिली. हात धुवावा तर जेवण झालं असं होईल, न धुवावा तर किती वेळ असंच उभं राहायचं, हे तिला कळेना. ती तशीच उभी राहिली. बोटांवरचा भात वाळला, ते ताणल्यासारखं लागायला लागलं, ते तिला ऐंशीव्या वर्षीही आठवायचं. सांगताना ती उजव्या हाताची बोटं फाकवून धरायची.

आमच्या घरी ती रोज सगळ्यात शेवटी जेवायची. आणि पाटावर बसण्याआधी आईला विचारायची, “हे पान माझंच ना गं?” आईला त्याचा कंटाळा यायचा. “तुमचंच हो, आणखी कोण आहे आता!” असं ती म्हणायची. मला त्या प्रश्नाचा अर्थ फार उशिरा लागला.

आजीचा नवरा, म्हणजे माझे आजोबा, संस्थानी कचेरीतले कारकून. जुन्या बडोद्याच्या गोष्टी सांगताना तेही हाच शब्द वापरायचे. “मल्हाररावांना उठवलं.” इतिहासाच्या पुस्तकात पदच्युत केलं असं असतं. रेसिडेंट, म्हणजे बडोद्यातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर याला शरबतातून विष घालण्याचा प्रयत्न झाला असा आळ १८७४ च्या अखेरीस मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग आणि सर दिनकरराव या तिघांना गुन्हा शाबीत झाला असं वाटलं नाही. इंग्रजांना वाटलं. मतं अशी निम्मीनिम्मी पडली, तेव्हा विषाचं बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून १८७५ च्या एप्रिलमध्ये त्यांना गादीवरून काढलं आणि मद्रासला नेलं. तिथंच ते १८८२ साली वारले. त्यांचा कारभार वाईट होता हे आजोबाही मान्य करायचे. पण ज्या गुन्ह्यासाठी कोर्ट भरवलं तो सिद्ध झाला नाही आणि माणूस मात्र उठला, हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. पुढे कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळ आणून गादीवर बसवला, त्याचे सयाजीराव झाले, बडोद्याचं भलं झालं. एकाला उठवल्याशिवाय दुसऱ्याला बसवता येत नाही, एवढंच खरं.

चौथ्या दिवशी मुलगा आला. या खेपेला आजोबांना घेऊन, कारण प्रतिज्ञापत्रावर अंगठा लागणार होता.

मी गुजराती भाषांतरात ‘विस्थापित’ हाच शब्द लिहिला होता. तलाटीला तोच ओळखीचा, दुसरं काही लिहिलं असतं तर कागद परत आला असता. पण मुलाला जवळ बोलावून कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर तो शब्द फोडून दाखवला. ‘वि’ म्हणजे वेगळं, दूर. ‘स्था’ म्हणजे राहणं, उभं असणं. पुढे ‘करायला लावलेला’. राहत्या जागेवरून दूर करण्यात आलेला. मग इंग्रजी शब्दही तसाच फोडून दाखवला, त्यातही तोच ‘स्था’ कसा आहे ते. त्यानं विचारलं, “बंने मां एक ज?” हो, म्हटलं, दोन्हींत एकच.

त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मलाही त्याच आठवड्यात कळली होती. बाळंतपणाच्या डॉक्टरला ‘ऑब्स्टेट्रिशियन’ म्हणतात ना, तो शब्दही याच ‘ओब्स्तारे’तून. लॅटिनमध्ये सुईणीला ‘ओब्स्तेत्रिक्स’ म्हणत. बाळंतिणीच्या समोर उभी राहणारी ती. त्याची आजी वसाहतीत सुईणपण करायची, असं तो म्हणाला. डोंगरावरच्या गावातही करायची. तेवढं सांगून तो गप्प झाला.

मग त्यानं आजोबांकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. त्यातलं मला अर्धंच कळलं. म्हातारबाबा माझ्या लाकडी खुर्चीवर बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून, ओले पाय चटईच्या कडेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी गुजरातीत म्हणाले, “हा. अमने उठाड्या.” बस, एवढंच. त्यांना तो शब्द पहिल्यापासून माहीत होता.

प्रिंट निघाली. शाईचा पॅड टेबलाच्या माझ्या बाजूला, खिडकीपाशी असतो, अंगठा लावायला येणाऱ्याला मी नेहमी म्हणते, “काका, जरा उठून इकडे या.” तोंडाशी आलेलं ते वाक्य मी गिळलं. पॅड आणि कागद उचलले, पाट आणून त्यांच्या मांडीवर आडवा ठेवला, त्यावर कागद ठेवला. त्यांनी अंगठा शाईत दाबला आणि कागदावर नीट, सावकाश फिरवून उमटवला. मग मी फडकं ओलं करून आणलं आणि ते बसले होते तिथंच त्यांच्या हातात दिलं.